बडोद्याची फिरती पेटी आणि आजचे इंटरनेट

दूरसंचाराचे दर, तारांचे जाळे, परवान्यांच्या अटी हे विषय वृत्तपत्राच्या व्यापारी पानावर यावेत आणि सांस्कृतिक पानावर ग्रंथ, नाटक, गाणे यांचा समाचार घेतला जावा, अशी आपल्याकडे जुनी वाटणी आहे. ती आता टिकणारी नाही. ज्या घरात पूर्वी मुंबई-पुण्याची मासिके टपालाने येत, त्या घरात आज वाचनाचा मोठा भाग मोबाइलच्या काचेवर येतो. पेन्शनर मंडळींचा हयातीचा दाखला २०१४ पासून याच वाटेने पाठविता येऊ लागला आहे. मुलगी परदेशी असेल तर तिच्या लेकराचे बोबडे बोल ऐकण्याची वाटही हीच. तेव्हा ही वाट कोणाच्या ताब्यात असावी, तिच्यावर जकात किती असावी, आणि जकात घेणाऱ्याने वाटसरूस अमुक दुकानात शीर व तमुक दुकानात शिरू नकोस असे सांगावे की काय, हा प्रश्न आमच्या मते सांस्कृतिक पानाचाच आहे.

बडोदेकरांना तो समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. कै. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९०६ साली तो नियम सर्व राज्यास लागू केला, ही गोष्ट आपण पाहुण्यारावळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्या पुढची पायरी मात्र सांगायची राहून जाते. शाळा शिकलेला खेड्यातला मुलगा शाळा सुटल्यावर वाचणार काय? गावात पुस्तक नाही, विकत घ्यावे तर गाठीला पैसा नाही. पाच-सहा वर्षांत अक्षरे पुसट होतात आणि गडी पुन्हा अंगठा उठवू लागतो. म्हणजे शाळेवर केलेला सारा खर्च पाण्यात! हा हिशेब ज्यांना कळला त्यांनी १९१० साली अमेरिकेतील न्यू हेवन गावचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यास आणविले. बोर्डनसाहेब इथे तीन वर्षे राहिले. तेवढ्यात ग्रंथालय खाते उभे राहिले, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला, इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत एक नियतकालिकही निघाले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके राजवाड्यातून बाहेर आली आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झाली. राजाची पुस्तके रयतेच्या हाती गेली, तीही वर्गणी न देता.

या योजनेतील दोन गोष्टी आजच्या प्रश्नाला फार उपयोगी आहेत. पहिली, पैशाची तजवीज. गावाने ग्रंथालयासाठी वर्गणी करावी, तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने घालावी, तितकीच सरकारने. एक तृतीयांश भार प्रत्येकाचा. त्यामुळे ग्रंथालय गावाचे झाले, सरकारी उपकार झाले नाही. मोतीभाई अमीनांसारखा मनुष्य त्यासाठी गावोगाव हिंडला, आणि महाराजांच्या हयातीतच ग्रंथालये असलेल्या गावांची संख्या हजाराच्या घरात जाऊन पोचली. दुसरी गोष्ट, फिरती पेटी. जिथे ग्रंथालय निघण्याइतकी गावाची ऐपत नव्हती, तिथे लाकडी पेटीत पुस्तके भरून ती धाडीत. मुदत संपली की ती परत येई आणि दुसरी जाई. पेटीचे रेल्वेभाडे खाते भरी. वाचकाला पै पडत नसे.

कोणी म्हणेल, पेटीत कोणती पुस्तके घालायची हे तरी सरकारच ठरवीत होते ना? मग तो वाचक स्वतंत्र कसला? आक्षेप खोटा नाही. परंतु पेटी धाडणारा हा पुस्तकांचा व्यापारी नव्हता, हा भेद लहान नाही. आमच्याच छापखान्याची पुस्तके वाचाल तर पेटी फुकट, इतरांची वाचायची तर भाडे तुम्ही भरा, असा सौदा तीत नव्हता. शिवाय पेटीत जागा थोडी, म्हणून निवड करणे भागच होते. इंटरनेटला अशी अडचण नाही. ज्या तारेतून एक पान येते त्याच तारेतून जगातले कोणतेही पान येऊ शकते. तिथे कोणी निवड करू लागला तर ती जागेच्या टंचाईमुळे नव्हे, हेतूने केलेली असते.

दहा वर्षांपूर्वी आपल्या देशात नेमका हाच सौदा पुढे आला होता. २०१५ च्या फेब्रुवारीत फेसबुक कंपनीने रिलायन्स कम्युनिकेशन्स या दूरसंचार कंपनीच्या साहाय्याने एक योजना आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ असे ठेवण्यात आले. गरिबाला इंटरनेट फुकट, असे तिचे वर्णन होते. प्रत्यक्षात मिळत होती ती निवडक संकेतस्थळे. त्या यादीत यायचे तर फेसबुकने घालून दिलेल्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत, आणि वाचकाची सारी ये-जा त्या कंपनीच्या दारातून होई. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलनेही अशीच दुसरी तऱ्हा काढली: ज्या दुकानदाराने कंपनीशी करार केला त्याच्या दुकानात जाण्याचा खर्च ग्राहकाला नाही, तो दुकानदार सोसणार. वरवर पाहता यात वाईट काय? फुकट मिळते ते का सोडावे? गरजवंताला अक्कल शिकविणारे तुम्ही कोण? असे प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारले, आणि ते सगळेच काही कंपनीचे भाडोत्री नव्हते.

उत्तर असे आहे की, फुकट मिळालेली यादी हीच ज्याचे संपूर्ण इंटरनेट आहे, त्याला आपल्यापासून काय लपले आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. विकत घेणाऱ्यास बाजार दिसतो. फुकट्यास फक्त तबक दिसते. आणि यादीबाहेरच्या लहान माणसाचे काय होते ते पाहावे. एखाद्या होतकरू संपादकाने मराठी मासिक इंटरनेटवर काढले. ते वाचायला पैसे पडतात आणि शेजारचे बड्या भांडवलाचे करमणुकीचे स्थळ फुकट आहे. मग कितीही चांगले लिहिले तरी त्याचे वाचक किती राहणार? मासिक कोणी बंद पाडले असे म्हणता येणार नाही. ते आपोआप बंद पडेल.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, दहा लाखांहून अधिक लोकांनी पत्रे धाडली. एरवी या कार्यालयाच्या चर्चापत्रिकांना उत्तरे देणारे म्हणजे कंपन्यांचे वकील आणि दोन-चार ग्राहकसंस्था. फेसबुकने वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने विनियम काढला: मजकूर कोणता आहे यावरून दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडेल त्यास दिवसाला पन्नास हजार रुपये दंड, कमाल पन्नास लाखांपर्यंत. आणीबाणीच्या प्रसंगी लोकांच्या सोयीसाठी मात्र सवलत ठेवली. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाहकाच्या तटस्थतेचे व्यापक तत्त्वही मान्य केले. त्याचा अर्थ, दर तर सोडाच, वेगही पक्षपाताने कमी-जास्त करू नये. या तत्त्वाला ‘नेट न्यूट्रॅलिटी’ असे नाव पडले आहे. (‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ रचणाऱ्या पंडितांच्या हाती हा शब्द लागता तर त्यांनी अनेक भाषांत त्याचे प्रतिशब्द पाडून दिले असते, आमच्या काळी ते काम करणारे कोणी उरले नाही, म्हणून इंग्रजीच चालवून घेतो.)

तत्त्व नवे आहे असे मात्र नाही. १८५४ साली टपाल खात्याने हलक्या पत्राचा दर अर्धा आणा केला. पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्यास, दर एकच. पत्रात काय लिहिले आहे आणि ते कोणी कोणास लिहिले आहे यावर दर ठरत नव्हता. रेल्वेने धान्याचे पोते न्यायचे ते पोते म्हणून न्यायचे. पोत्याचा धनी स्टेशनमास्तरचा मेहुणा आहे की नाही हे पाहून न्यायचे नसते. वाहकाने वाहावे, निवडू नये, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला होता. तार बदलली तेव्हा तो पुन्हा भांडून मिळवावा लागला.

इथे एक अवघड प्रकरण सांगितले पाहिजे, कारण त्याने तत्त्वाची खरी परीक्षा होते. विकिपीडिया हा लोकांनी लिहिलेला ज्ञानकोश, त्याच्यामागे नफा नाही, जाहिरात नाही; मराठीतही तो २००३ पासून आहे. त्याच्या चालकांनीही कित्येक देशांत कंपन्यांशी करार करून आपला कोश फुकट उघडून दिला होता. २०१८ मध्ये त्यांनी ती योजना आवरली. ज्ञानकोश फुकट असण्यात तरी काय पाप, असे आम्हालाही वाटते. परंतु चांगल्यासाठी एकदा दार किलकिले केले की वाईटाने पाऊल घातल्यावर ते लावायचे कोणी? चांगले कोणते हे ठरविण्याचा अधिकार शेवटी तार विकणाऱ्याच्याच हाती जातो. म्हणून ट्रायने सरसकट मनाई केली ती योग्यच केली, जरी तिची थोडी झळ सज्जनालाही लागली.

आता दुसरी बाजू. वाट खुली ठेवली, पण तिच्यावर चालण्याची ऐपत नसेल तर त्या खुलेपणाला काय चाटायचे? खुलेपणासाठी भांडणारे आपल्यातले सुशिक्षित लोक या ठिकाणी थोडे कमी पडतात. त्यांच्या घरी फायबरची तार आलेली असते.

भारतात इंटरनेट जगात सर्वांत स्वस्त देशांपैकी एक आहे, असे वारंवार सांगण्यात येते. ते खरे आहे. २०१४ च्या सुमारास एका गिगाबाइटला अडीचशे रुपयांवर पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर दर कोसळले आणि पुढे ते दहा रुपयांच्या आसपास आले. परंतु गृहिणीला विचारा: धान्य शंभर किलोच्या भावाने स्वस्त आहे, पण पोते फोडून मिळत नाही, तर हातावर पोट असणाऱ्याला त्याचा उपयोग काय? भाव गिगाबाइटचा सांगतात आणि पैसे मागतात पॅकचे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एका पाठोपाठ दर वाढविले, साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांनी. अठ्ठावीस दिवसांच्या साध्या पॅकची पायरी दोनशे रुपयांच्या आसपास गेली. घरात चार माणसे व चार मोबाइल असतील तर हिशेब करावा. आणि हे अठ्ठावीस दिवसांचे प्रकरणही मासलेवाईक आहे. वर्षाचे महिने बारा, कंपन्यांचे तेरा! अधिक मास आपल्याकडे साधारण तीन वर्षांनी येतो, यांच्याकडे दरसाल येतो. प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक तीस दिवसांचा ठेवलाच पाहिजे, असा हुकूम ट्रायला जानेवारी २०२२ मध्ये काढावा लागला.

दुसरे उदाहरण आपल्याच घरांतले आहे. जुन्या वाड्यांतून एकटी राहणारी वडीलधारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन असतो. मुलाचा फोन येतो आणि गॅसवाल्याला फोन जातो, एवढाच त्याचा उपयोग. त्यांच्या फोनवर इंटरनेट चालत नाही, तरी पॅकमध्ये ते बांधलेले आणि पैसे त्याचेही मोजायचे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने विनियम दुरुस्त करून केवळ बोलणे व संदेश यांचा वेगळा पॅक ठेवणे कंपन्यांना भाग पाडले. ज्याला हवे त्याला परवडत नाही, ज्याला नको त्याच्या गळ्यात बांधतात, असा हा बाजार आहे. त्याला वळण लावणारे कोणी नसते तर तो आपण होऊन वळला असता, असे आम्हास वाटत नाही.

मग पैसा कोठून आणायचा? पैसा आहे, आणि तो तुमचा-आमचाच आहे. १ एप्रिल २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून शंभरामागे पाच रुपये एका निधीत जातात. जिथे धंदा म्हणून कोणी तार नेणार नाही तिथे ती नेण्यासाठी हा निधी काढला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे झाले. नाव बदलण्यापूर्वी वर्षानुवर्षे त्यातील मोठी रक्कम न खर्चता पडून राहिली होती. याच निधीच्या बळावर ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना तारेने जोडण्याची योजना मंजूर झाली. दोन वर्षांत काम पुरे होणार होते. तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली. बारा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, तिच्या सुधारित आवृत्तीस एक लाख एकोणचाळीस हजार पाचशे एकोणऐंशी कोटी रुपये मंजूर करावे लागले. दोन लाखांवर पंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्याचे सरकार सांगते. सज्ज असणे आणि सेवा मिळणे यांत अंतर किती असते हे ज्याने नळाला तोटी आहे पण पाणी नाही असा उन्हाळा काढला आहे त्यास सांगायला नको. तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत जाते, कचेरीला कुलूप, यंत्र बंद पडले तर दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी.

बोर्डनसाहेबांच्या योजनेशी ताडून पाहिले म्हणजे चूक कोठे झाली ते दिसते. तेथे गावाने आपला तिसरा हिस्सा घातलेला होता, म्हणून ग्रंथालय बंद राहिले तर गाव विचारणा करी. येथे तार वरून उतरली आणि गावाला तिचा धनीपणा कधी मिळालाच नाही. खर्च सारा सरकारने करावा आणि सांभाळ कोणीच करू नये, ही आपली सार्वजनिक कामांची जुनी रीत आहे.

केरळने यापेक्षा बरा विचार केला, असे म्हणता येईल. त्या राज्याने इंटरनेट ही नागरिकाची मूलभूत गरज व हक्क मानून सरकारी मालकीचे तारांचे जाळे विणले. जून २०२३ मध्ये ते सुरू झाले, आणि वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी देण्याचा त्याचा संकल्प आहे. संकल्प सिद्धीस जाण्यास वेळ लागतो आहे, हेही खरे. पण प्रश्न मांडण्याची रीत पाहावी. तेथील उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच एका महाविद्यालयीन मुलीच्या अर्जावर निकाल दिला होता. वसतिगृहात ठरावीक तासांत मोबाइल वापरण्यास बंदी. तिने ती मानली नाही म्हणून तिला काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. त्याच राज्यातील एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल रेल्वेच्या फुकट वायफायवर धडे ऐकून लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उतरला, ही बातमी २०१८ साली देशभर गाजली होती. डोक्यावर सामान आणि कानात व्याख्यान! त्याला कोणी अमुकच धडे ऐक असे सांगितले नव्हते. यादीतली दहा-वीस स्थळे त्याला फुकट दिली असती, तर परीक्षेचे धडे त्यांत असते की नसते कोण जाणे.

‘अहो, पण लोक ज्ञान कुठे घेतात? पोरे दिवसभर नाचगाणी पाहतात. त्यासाठी जनतेचा पैसा उधळायचा?’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते, आणि ती करणारे बहुधा स्वतःही रात्री अकरापर्यंत तेच पाहत असतात. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, असे आपले आजोबा म्हणत. कादंबऱ्या वाचणारी ती मुले पुढे आपले वडील झाली. ग्रंथालयातून कोणी काय वाचले याचा हिशेब ठेवून कोणी ग्रंथालय बंद केले नाही, आणि केले असते तर ते आपण आज ज्या अभिमानाने मिरवतो ते बडोदे राहिले नसते.

कंपन्यांचे एक नवे मागणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चित्रपट व ध्वनिचित्रे पुरविणाऱ्या मोठ्या स्थळांमुळे आमच्या तारांवर भार पडतो, तरी त्यांनी आम्हास वाटा द्यावा, असे त्या काही वर्षांपासून म्हणत आहेत. ऐकायला न्याय्य वाटते. पण भार त्या स्थळांनी आपण होऊन टाकलेला नसतो. ग्राहकाने मागितले म्हणून मजकूर येतो, आणि ग्राहकाने त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. एकाच मालाची दोन्ही दारांत जकात! दक्षिण कोरियाने असा प्रघात पाडला. तेथे थेट प्रक्षेपणाचे ट्विच नावाचे मोठे स्थळ हा खर्च झेपत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातून निघूनच गेले. ते एका बलाढ्य कंपनीचे होते. मराठी नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका गोळा करून ऐकविणाऱ्या एखाद्या हौशी गृहस्थाने असा वाटा कोठून द्यावा?

सरकारही या वाटेवर निर्दोष चालले आहे असे नाही. पेटी फुकट धाडणाऱ्या राज्याने मधूनच तिला कुलूप ठोकले तर? २०१५ च्या ऑगस्टमध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत काही दिवस मोबाइल इंटरनेट बंद होते, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा निदान दंग्याचे कारण होते. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी मात्र महसूल खात्याच्या एका भरती-परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात राज्यातले मोबाइल इंटरनेट थांबविण्यात आले. परीक्षा काही लाखांची, शिक्षा सगळ्यांना. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे आणि कारणाच्या मानानेच बंदी असली पाहिजे. त्याच वर्षी नियमांत एका हुकुमाला पंधरा दिवसांची मर्यादा घालण्यात आली. ती संपताच नवा हुकूम काढता येतो, ही गोष्ट वेगळी.

हे सगळे आम्ही मराठी वाचकांपुढे का मांडतो? दामाजीरावांच्या वेळेपासून आपली घरे इथे आहेत. आपण गुजराती बोलतो, गुजराती वाचतो, आपली मुले गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. त्यात खंत मानण्याचे कारण नाही. पण घरातली मराठी आता शाळेच्या आधाराने टिकत नाही. तिला आधार उरला आहे तो घरच्या बोलण्याचा आणि इंटरनेटचा. मराठी विश्वकोशाचे वीस खंड, ज्यांचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आरंभिले, ते विकत घेऊन ठेवायला दांडिया बाजारातल्या किती घरांत जागा आहे? आज ते कोणीही इंटरनेटवर विनामूल्य वाचू शकतो. उद्या तार विकणाऱ्याला निवडीचा अधिकार मिळाला तर गुजरातेतल्या ग्राहकासाठी तो यादी कशी करील? आधी हिंदी, मग गुजराती, मग इंग्रजी. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, गिऱ्हाईक मोजण्याची त्याची रीत आहे. त्या यादीत बडोद्याच्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचा क्रमांक कधीच लागणार नाही. मुंबईतल्या मराठी माणसामागे संख्याबळ आहे. आपल्यामागे केवळ नियम आहे.

आणि तो नियम अजून कच्चा आहे. वाहकाची तटस्थता ही आजवर परवान्यांच्या अटींत आणि ट्रायच्या विनियमांत राहिली आहे. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा झाला तेव्हा तीत तिला स्वतंत्र कलम मिळाले नाही. विनियम एका कार्यालयाच्या सहीने बदलू शकतो. हे कलम कायद्यात घालावे, अशी मागणी आपल्या खासदाराकडे करणे हे आम्हास या शहरातील मराठी मंडळांचे काम वाटते. गणेशोत्सवाच्या आणि व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतके विषय येतात, एक संध्याकाळ याला द्यायला हरकत नाही.

दुसरे काम तर कोणाची परवानगी न मागता होण्यासारखे आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ नावाची योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे पानवाला, किराणा दुकानदार, वाचनालय, कोणीही आपल्या जागेत वायफाय बसवून थोड्या पैशांत किंवा फुकट ते लोकांना देऊ शकतो. त्याला परवाना नको, परवान्याची फी नको. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत अशी एक कोटी ठिकाणे होतील असे लिहिले होते. प्रत्यक्षात काही लाखांच्या पुढे मजल गेली नाही. कारण साधे होते. अशा लहान दुकानदाराला कंपन्या घरगुती जोडणी देईनात, बड्या कचेरीच्या दराची महागडी तार घे म्हणत. जून २०२५ मध्ये ट्रायने त्याला आळा घातला: अशा ठिकाणच्या जोडणीचा दर घरगुती दराच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. म्हणजे मुख्य अडथळा आता बराच दूर झाला आहे. शहरातील जुन्या वाचनालयांकडे जागा आहे, बाके आहेत, संध्याकाळी येऊन बसणारी म्हातारी माणसे आहेत, आणि दुपारी त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. ज्या मुलाच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या मुलाला ही दुपारची खोली हवी आहे. खर्चाचा एक हिस्सा वाचनालयाच्या सभासदांनी, एक नगरपालिकेने आणि एक त्या डिजिटल भारत निधीने घालावा. वाटणीचा हा हिशेब बडोद्याला नव्याने शिकायचा नाही.